दुसरी डावी

"शेंडी वर, तोंड माह्याकडे."

सर कुठलीही दगड झालेली गोगलगाय हातात घेतली की आधी हे म्हणत. बहुधा तिलाच म्हणत. टोकदार शेंडी वर धरायची, तोंड आपल्याकडे करायचं आणि ते कोणत्या हाताला येतं ते पाहायचं. मग "उजवी" म्हणून खणात ठेवत. समुद्रातल्या गोगलगायी जवळपास सगळ्या उजव्याच. घरात शंख असेल तर तुम्हीही धरून पाहा.

गोंदियाच्या कॉलेजात ते भूशास्त्र शिकवत. मी जवळच्या बिरसी गावची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी न विचारताही सांगते. शिकले त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. नर्मदेच्या खोऱ्यात कधीकाळी समुद्र शिरला होता; तिथून सरांनी पोत्याने दगड आणलेले. मी सुईने, ब्रशने ते साफ करायची आणि सर गोगलगायींची घराणी लावायचे.

"सर, तुम्ही समुद्र पाहिला का?"

"कायले? माह्या गोगलगायी त्यातून निघून आल्या ना इकडं."

एकदा बाजारातले एक शेठ दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या तोंडाचा, शंख दाखवायला आले. पूजेतला शंख शेंडी खाली करून धरतात. सरांनी फिरवून शेंडी वर केली. "हा तं डावा आहे."

"गुरुजी, आपने उल्टा पकड़ा है!"

"मी नाही, तुम्ही."

शेठ चहा न पिताच गेले.

मग एका दुपारी, मी नुकतीच साफ केलेली बोटाच्या पेराएवढी गोगलगाय हातात धरून सर थांबले. फिरवली. पुन्हा धरली.

"पोरी, तू पाहा."

तोंड डाव्या हाताला होतं.

त्या दिवशी त्यांच्या डब्यातला भात तसाच राहिला. नवी प्रजाती ठरली असती तर नाव सरांनीच द्यायचं होतं. "नावात गोंदिया घालतो," म्हणाले. "नर्मदावाले रागावतीन, रागावू दे."

रुमालात बांधून ते तिला दक्षिणेकडच्या एका तज्ज्ञांकडे घेऊन गेले. परत आले, रुमाल टेबलावर ठेवला.

"डावी आहे म्हणते. पण एखादं माणूस डावखुरं जन्मते, तशीही असू शकते म्हणते. एकीनं घराणं होत नाही. दुसरी आणा."

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत सर नर्मदेकडे. स्टाफरूममध्ये चिडवायचे, "सर, तिच्यासाठी स्थळ पाहून राहिले का?"

"हो ना. पण डावंच पाहिजे."

स्थळ मिळालं नाही. सर निवृत्त झाले, तरी जात राहिले. गुडघे गेले, तरी गेले. शेवटच्या खेपेहून आले आणि त्याच आठवड्यात छातीत दुखलं, एवढंच. मी माती देऊन आले, आंघोळ केली, जेवले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. का नाही, ते माहीत नाही.

काही दिवसांनी काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, रिक्षातून एक पिशवी घेऊन आल्या. "त्यायनं आणलेले गोटे. उघडलेबी नाही."

मी रोज थोडे साफ करत गेले. शेंडी वर, तोंड माझ्याकडे. उजवी. उजवी. घाई केली नाही. शेवटचे काही गोटे मी मुद्दाम राहू दिले होते. एका शनिवारी तेही झाले. संध्याकाळी काकूंना फोन केला.

"निघाली का वो?"

"नाही काकू. सगळ्या उजव्या."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"मंग पिशवी आणून दे बाई. दळनाची आहे ते."

मी ती दोनदा धुतली. शिवणीतली पांढरी माती निघेना. तशीच नेऊन दिली.