फिल्मवरचा ठिपका

माझी लेक चार वर्षांची झाली तरी एकदाही 'आई' म्हणाली नव्हती. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तिचं खेळणं बघितलं, ऑटिझम आहे म्हणाल्या आणि दर मंगळवारी थेरपीला आणायला सांगितलं. पण आमच्या घरात माणसाच्या नजरेला किंमत नाही, मशीनच्या कागदाला आहे. माझे सासरे, आबा, हटून बसले, "डोकाना फोटो काढा." बाईंनी परोपरीनं समजावलं, की पुष्कळ मुलांचे फोटो एकत्र ताडून संशोधकांना फरक सापडतात, एकट्या मुलीच्या फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. ती मधूनच टक लावून थिजते, त्यापुरता एमआरआय करू, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं.

घरात क्षणभर एका जागी न टिकणारी ही पोर त्या बोगद्यात गुंगीच्या औषधाशिवाय मढ्यासारखी पडून राहिली. मशीन ठणठणत होतं आणि बाहेर फक्त तिचे तळवे दिसत होते. मी घाबरून तिच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. तो हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून मशीनचाच आवाज आला. ठोके, थांबणं, पुन्हा गुरगुर. तीच काढत होती, तोंड मिटून, एकही ठोका न चुकवता.

रिपोर्ट नॉर्मल निघाला. आबांनी पेढे वाटले. "पोरनं बठ्ठं बराबर शे. आते जळगावना फेरा बंद."

माझं पित्त खवळलं. थेरपीमुळे ती नुकती कुठे बोट दाखवून पाणी मागायला लागली होती. मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि ओळीनं मांडलेल्या कवट्यांपैकी एकीवर बोट ठेवलं. "हाऊ ठिपका देखा आबा. डॉक्टरीणबाईनी माले दखाडा." धडधडीत खोटं. छपाईचा डाग असेल, दुसरं काय!

फेरा सुरू राहिला. पण ज्या मांडीवर बसून ती केळं खायची, ती मांडी आता आबा आवरून घेतात. केळं ताटलीत घालून लांबूनच सरकवतात. ती तरीही त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहते. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि मंगळवार आठवून मिटलं. माझीच मला चीड येते.

परवा त्यांनी हळूच विचारलं, "तो ठिपका वाढी राह्यना का?"

"नही आबा, तेवढाज शे," मी म्हटलं. आणि दुपारी घर रिकामं झाल्यावर फिल्म खिडकीला लावून, पट्टीनं मोजून पाहिला.