आपला माल बर्फात हाय

देवाने ही सृष्टी गरजेपेक्षा जड करून ठेवली आहे, असं मनापासून मानणारा उभ्या मराठवाड्यात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमची दोघांचीही सासुरवाडी जळकोटची. थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणतं, ती अहमदपूरला त्यांच्या घरी गेली आणि धाकटी नांदेडला माझ्या. मी शाळेत गणित शिकवतो, साडू फायबरचे कूलर बनवतात. धान्याच्या मोंढ्यामागे त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे पाऊल टाकलं की पाहुण्याच्या हातातली पिशवी आधी त्यांच्या हातात जाते. मदत म्हणून नव्हे. ते ती दोनदा वर-खाली करतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "सर, यातलं निम्मं उगं आनलंत." बारशाला गेले तर बाळाला आशीर्वाद देण्याआधी असंच तोलून बघतात. एकदा बाळाच्या आजीने कौतुकाने विचारलं, "कसं हाय?" तर म्हणाले, "पोरगं हलकं हाय, वजन समदं वाळ्यांचं हाय." त्या घरातून पुढे कुठल्याच कार्याचं आवतण आलं नाही.

घरात तर त्यांच्या हातून एकही वस्तू सुटली नव्हती. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापली होती, कारण उरलेली अर्धी "उगं हवेत ऱ्हाती". अक्कांची पळी शेडमध्ये गेली आणि परत आली तेव्हा तिचा झारा झाला होता. वरण वाढताना ते गळू लागल्यावर अक्का म्हणाल्या, "माझ्या अंगाला भोकं पाडली न्हाईत, तेवढंच नशीब म्हनायचं." मग त्यांनी अंगणासाठी फायबरचं तुळशी वृंदावन केलं आणि त्यात मातीही मोजकीच घातली. चैत्रातल्या एका वावटळीत ते तुळशीसकट भिंतीवरून शेजारच्या अंगणात जाऊन पडलं. शेजारीण हात जोडून म्हणाली, देव आपल्या पायाने घरी आला, आता काही परत मिळायचा नाही. साडूंना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. "कसं उडालं, बघितलं का?" हेच ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते.

हसायचं ते हसून घ्या, पण त्यांच्या हातातलं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. साच्याला मेण लावायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ती रेझिनने भिजवायची, रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि मग दुसरा थर. असं हे काम. बाकीचे कारागीर चार थर देतात. साडू दोनच द्यायचे आणि आतल्या बाजूने पळसाच्या पानावर असतात तशा शिरा काढायचे. पत्रावळ उलटी धरून त्यांनी मला ते दाखवलं होतं. पान एवढं पातळ, तरी भात-वरण पेलतं, कारण ताकद शिरेत असते. मी म्हटलं, चार थर दिले तर काय बिघडेल? त्यावर म्हणाले, "थर वाढवाया अक्कल लागत न्हाई सर, भ्या लागतं. ज्याला भ्या वाटतं त्यो थर वाढवतो." गिऱ्हाइकांना मात्र हे पटायचं नाही. कूलर घ्यायला आलेला माणूस त्यावर बोटाने टकटक करायचा आणि "पातळ वाटायलंय," म्हणून पुढच्या दुकानात जायचा.

अशा माणसाकडे एका उन्हाळ्यात हिमाचलकडचे एक गृहस्थ येऊन पडले. नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शन करून निघाले होते, रस्त्यात त्यांच्या मोटारीचा बंपर फुटला. साडूंनी तो दोन तासांत करून दिला. त्या भल्या माणसाने बंपर हातात घेतला, पुन्हा पुन्हा उचलून बघितला आणि तिथेच खाटेवर बसला. डोंगरात त्याच्या बर्फावर पळणाऱ्या स्कूटरी होत्या. चढावर ताज्या बर्फात गाडी रुतते, तिचं अंग जितकं हलकं तितकी ती वर चढते, असं त्याने सांगितलं. एका गाडीचं अंग करून द्याल का? साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच असा माणूस भेटला होता, ज्याला वस्तू हलकी हवी होती. त्यांचे डोळे भरून आले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाडी काही अहमदपूरला आली नाही. ट्रान्सपोर्टने आले ते तिचे फुटके जुने तुकडे: पुढचं झाकण, दोन्ही बाजूंची पाखं आणि पोटाखालचं ताट. त्यावरून साडूंनी साचे काढले. वैशाखातलं ऊन, तापलेला पत्रा, काचेच्या कुसांनी खाजणारे हात, आणि हा माणूस बर्फाची चिंता करत बसलेला. बर्फ त्यांनी पाहिला होता तो कारखान्यातल्या लादीचा, तोही भुशात गुंडाळलेला. तशा चार लाद्या आणून त्यांनी त्यांवर ते ताट आपटून बघितलं. मग थंडीत तडकतं का ते पाहायला कुल्फीवाल्याच्या मोठ्या फ्रीजमध्ये झाकणं दोन दिवस ठेवली. कुल्फीवाल्याने त्या दोन दिवसांत सगळ्या मोंढ्याला कुल्फी वाटून टाकली. तडकलेली तीन झाकणं साडूंनी फेकली, चौथं टिकलं. ते दोन बोटांवर धरून त्यांनी मला बोलावलं. वजन जुन्याच्या निम्म्यानेही भरत नसेल. मी गणिताचा माणूस, मला आनंद होतो तो उत्तर जुळल्यावर. तेव्हा मला आनंद झाला होता.

आमचं भांडण झालं ते माल पाठवायच्या दिवशी. तयार अंगाबरोबर साडू साचेही बांधत होते. मी ओरडलो, साचा ठेवून घ्या, साचा गेला की तुमची गरज संपली, तो माणूस पुन्हा तुम्हाला कशाला विचारेल? साडू सुतळी आवळत म्हणाले, "साचा गिऱ्हाइकाचा आसतो. आमचे उस्ताद म्हनायचे, पराया साचा घर में रख्या तो हाथ चोर हो जाता." हे काम शिकवणारे उस्ताद नांदेडचे, जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे, पण त्यांचा शब्द माझ्या सगळ्या गणितापेक्षा भारी ठरला. साचे गेले. तिकडून फोन आला की गाडी पाखरासारखी चढली, जानेवारीत या, चालवून दाखवतो. साडूंनी नांदेडला येऊन स्वेटर घेतला, तोही दुकानातले सगळे स्वेटर उचलून बघून.

त्या जानेवारीत बोलावणं आलं नाही. पुढच्याही नाही. चौकशी केली तर कळलं, त्या गृहस्थाने धंदा विकला आणि तो मुलाकडे परदेशी गेला. मी चडफडलो. साडू मात्र मजेत होते. त्यांना जायला न मिळाल्याचं वाईट वाटलं असेल, पण त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही. कूलरला टकटक करून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला आता ते शांतपणे सांगायचे, "घ्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आपला माल बर्फात हाय." एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाने तीन उन्हाळे ताठ मानेने काढले.

मग आम्ही नवरा-बायको हिमाचलच्या सहलीला निघालो. साडूंना चला म्हणालो नाही. सगळी जागा भरली आहे, असं हिने अक्कांना सांगितलं आणि मी ते खोडून काढलं नाही. खरं कारण हे की, सहलीतल्या चार प्राध्यापकांच्या पिशव्या त्यांनी उचलून बघितल्या असत्या आणि मला लाज वाटली असती. डोंगरावर पोचलो तर पर्यटकांसाठी बर्फावरच्या स्कूटरींची रांग उभी. एकीचं झाकण उघडं होतं आणि आतल्या बाजूला पळसाच्या पानाच्या शिरा. मी धावत गेलो. शेजारची बघितली, तिसरी बघितली, सगळ्यांना त्याच शिरा. चालवणारा पोरगा म्हणाला, नव्या मालकाने जुन्या साच्यावरून, पहिल्या गाडीच्या शिरा बघून, खाली शहरात सगळ्या गाड्यांची अंगं करून घेतली. "पहलेवाली बहुत हल्की थी साब, टूरिस्ट लात मारते हैं, तो मोटी बनवाई." एका फुटक्या कडेवर मी थर मोजले. चार होते.

मला संताप आला. पण खोटं कशाला बोलू, त्या संतापाच्या खाली एक गारेगार समाधानही होतं. मी सांगितलंच होतं! मला खरं बोलायची खोड आहे आणि इतकी वर्षं तिला मी गुण समजत आलो. परतल्यावर पहिल्या रविवारी मी एसटीने अहमदपूर गाठलं आणि अक्कांनी आणलेला चहा तसाच ठेवून सगळं सांगून टाकलं: साचा नेला, नकला केल्या, तुमचं नावही कुणाला माहीत नाही. साडू शेडमध्ये खाली बसून, साच्यावर रोलर फिरवत ऐकत होते. त्यांना चोरीचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. उलट चेहरा उजळला.

"लई गाड्या हायत?"

"लई आहेत."

"पळत्यात?"

"पळतात की."

"थर किती हायत, सर?"

मी म्हणालो, "चार."

"चार?" त्यांनी एकदाच विचारलं. मी मान हलवली. हातातला रोलर त्यांनी डब्यात ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "मग ते माझं न्हाई."

त्यानंतर त्यांच्या तोंडून बर्फाचं नाव मी ऐकलेलं नाही. परवा अक्कांचा फोन आला होता. धंदा बरा चाललाय म्हणाल्या, गिऱ्हाईक परत जात नाही, आता कूलरला चार थर देतात. त्या हे आनंदाने सांगत होत्या आणि मी 'छान, छान' म्हणत होतो. फोन ठेवला आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. त्या दिवशी मी दोन म्हणालो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? अहमदपूरहून एवढ्या लांब थर मोजायला कोण जाणार होतं!