खंडेनवमीला हरवलेलं अवजार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या आदिलाबादच्या घरात सगळी अवजारं धुऊन-पुसून निघतात. विळी, कात्री, ह्यांचा पाना-पक्कड... आणि अलीकडे माझा लॅपटॉप.

कॉलेजात गणित शिकवून रिटायर झाले आणि मोबाईलची अ‍ॅप्स बनवायला शिकले. अवजार आतूनही स्वच्छ हवं, म्हणून अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर अपडेट करून टाकलं. स्क्रीनच्या कडेला आयकॉनची एक पट्टी लोंबत होती, तीही बंद केली. मला पसारा चालत नाही.

नवमीला सकाळी पूजेआधी एकच काम उरकायचं होतं. लॅपटॉप उघडला... आणि त्या कामाचं टूलच मेनूतून गायब.

काम माझ्या धाकट्या नणंदेचं, शकूचं होतं. ती इचोड्याजवळच्या गावात राहते. मागच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. तो जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी तिला समोर बसवून रोजच्या गरजेची वाक्यं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली आणि एक अ‍ॅप बनवलं. बटण दाबलं की फोन बोलतो... शकूसारखा नाही, शकूच.

आता त्या फोनची स्क्रीन दाद देईना. तिच्या मुलानं नवा फोन आणला आणि दोन्ही फोन माझ्याकडे पोचवले. दसऱ्याला शकू येणार, तोवर ती मुकी.

रेकॉर्डिंग सगळी जुन्या फोनमध्ये, अ‍ॅपच्या पोटात. ती बाहेर काढायची सोय मी अ‍ॅपमध्ये ठेवलीच नव्हती. फोनच्या आतल्या फायली दाखवणारं ते टूल, हाच एक रस्ता. अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं तर सगळं पुसलं जाणार... आणि पुन्हा रेकॉर्ड करायला तो आवाज उरलेला नाही.

तेवढ्यात हे हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाले, “आज अवजार उचलायचं नसतं.”

“सापडलं तर उचलेन ना,” मी म्हटलं. ते विळीकडे वळले.

नेटवर शोधलं. एक म्हणे ते टूल कायमचं काढलंय, विसरा. दुसरा म्हणे सगळं पुसून जुनं सॉफ्टवेअर टाका. पण घाबरून गणित सुटत नाही हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आले. शेवटी अपडेटसोबत आलेली माहिती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

टूल काढलं होतं, हे खरंच. पण त्याची कामं वाटून दिली होती, आणि फायली दाखवायचं काम एका नव्या खिडकीकडे गेलं होतं. ती खिडकी कुठं... तर कडेच्या पट्टीत. मी पसारा म्हणून बंद केलेल्या.

पट्टी परत आणली, खिडकी उघडली आणि फोनचं पोट समोर आलं. सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरवल्या. मग एकेक लावून तपासत गेले. “पाणी दे.” “दुखून राह्यलं.” “डॉक्टरले फोन लाव.”

एक फाइल मात्र जास्तीची निघाली. माझ्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंगला नाव दिलं नाही तर त्याचं बटण तयार होत नाही, फाइल तेवढी आत पडून राहते. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मध्येच चहा ठेवायला उठले होते, तेव्हाची ती असणार.

“वैनी, पाणी दे, दुखून राह्यलं... हेच बोलाचं काय मी जल्मभर? मले भांडाले बी एक वाक्य पायजे. घ्या... तुमची शिस्त तुमच्या कॉलेजात ठेवा.”

मागे हे ताट घेऊन उभे होते. बहिणीचा असा चढा आवाज त्यांनी वर्षभरानं ऐकला. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, “पुन्हा लाव.”

दसऱ्याला शकू आली. आपट्याची आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं हातात ठेवून पाया पडली. मी नवा फोन तिच्या हातात दिला. सगळ्यात वर एक लाल बटण केलं होतं... ‘भांडण’.

तिनं दाबलं. स्वतःचा आवाज ऐकून आधी दचकली, मग माझ्याकडे बघून हसायला लागली. तिच्या हसण्याला आता आवाज नाही, पण खांदे गदगदत होते. ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मी सांगायला लागले की फोन रोज चार्ज करायचा, कव्हर काढायचं नाही, ओल्या हातानं... तिनं पुन्हा बटण दाबलं.

उलट उत्तर ऐकून घ्यायची सवय मला कधीच नव्हती. आता लावून घेते आहे... आणि खरं सांगायचं तर दर वेळी ते बटण दाबलं जायची वाट बघते.