सर आणि मूळ नक्षत्र

“पुरावा आहे का?” असं विचारून सर उजवा हात पुढे पसरायचे. समोरच्यानं पुरावा खिशातून काढून थेट तळहातावर ठेवावा, अशी अपेक्षा. बाजारातल्या संत्रेवालीलाही ते सोडत नसत. ती “गोड हायेत” म्हणाली की हात पुढे. ती बिचारी दोन फोडी ठेवायची. सर त्या खायचे आणि न घेताच पुढे जायचे.

अमरावतीच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. मी वाचनालयात कारकून. दर गणपतीत आमच्या पटांगणात त्यांचं आकाशावर व्याख्यान व्हायचं आणि मॅजिक लँटर्नमध्ये काचेची चित्रं सरकवायचं काम माझ्याकडे असे. व्याख्यान तेच, विनोद तेच, लोकांना मूर्ख म्हणायच्या जागाही त्याच. लोक मात्र दर वर्षी हौसेनं मूर्ख व्हायला येत. तुमच्याही गावात असा एखादा वक्ता असेलच.

सगळ्यात जास्त टाळ्या पडत त्या मूळ नक्षत्राकडच्या आकाशाच्या चित्राला. आपल्या आकाशगंगेचा मध्य त्या बाजूला, तिथे वायूचे प्रचंड ढग, त्या ढगांत नवे तारे जन्माला येतात, हे सर खरोखर सुंदर सांगत. ते नाकारण्याइतका मी कोता नाही. मग आवाज चढायचा. “आणि चंद्र त्या दिशेला असताना पोरगी जन्मली, तर म्हणे सासऱ्याचा जीव घेते! पुरावा आहे का?”

एका वर्षी व्याख्यान संपल्यावर वरूडचे एक संत्रा बागाईतदार माझ्याजवळ आले. त्यांची मुलगी मॅट्रिक झालेली, हुशार, पण नक्षत्र मूळ. पत्रिका पाहून सगळीकडून नकार. “मानूस भेटला बाप्पा,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सरांचा मुलगा इंजिनिअर, लग्नाचा. जातही एकच. वरूडकर मला सोबत घेऊन सरांकडे गेले आणि पत्रिका न मागताच समोर ठेवली. या माणसापासून काय लपवायचं?

सरांनी पत्रिका पाहिली. चहा झाला. “माझं काही नाही हो,” सर म्हणाले, “पण बायकांचं मन असतं.”

आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या, “माझं काही नाही. मला मुलगी पसंत आहे.”

सर चुळबुळले. मग म्हणाले, मुलालाच इतक्यात लग्न नको आहे. त्याच माघात त्या मुलाचं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, नक्षत्र रोहिणी.

वरूडकर मला विचारायला आले. “भाऊ, तुमी होते ना तिथं? सर तसंच बोल्ले ना? का मलेच चुकीचं आयकू आलं?”

माझं डोकं फिरलं. तडक सरांकडे गेलो आणि जाब विचारला. त्यांनी उठून आतलं दार लोटलं. मग म्हणाले, “माझ्या वहिनी मुळावरच्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत आमचे वडील गेले.”

“वय काय होतं त्यांचं?”

“सत्तरीचे. जुना दमा.”

“मग?”

“मग काय? कळतं हो. सगळं कळतं.” त्यांचा चेहरा लहान मुलासारखा भ्यालेला होता. “आईनं वहिनींना माहेरी धाडलं. अजून तिथंच आहेत.”

त्या क्षणी मला त्यांची दया आली. ती फार टिकली नाही. पुढच्या गणपतीत सर त्याच चित्रापाशी तसेच गरजले. टाळ्याही तशाच पडल्या.

दोन वर्षांनी सर हृदयविकारानं गेले. तेराव्याला वक्त्यांनी त्यांना अंधश्रद्धेचा कर्दनकाळ ठरवलं. मी खाली मान घालून ऐकलं. वरूडकरही आले होते. बसले होते ते ओसरीच्या टोकाला.

आत सरांची सून रडत होती. बायका तिला पोटाशी धरत होत्या, पाणी पाजत होत्या. “बाप गेला गं तुझा,” म्हणत होत्या. वरूडकर तिकडे बघत राहिले.

“पोरगी काय करते?” मी विचारलं.

“मास्तरीन होऊन राह्यली. ट्रेनिंगले हाय.” त्यांची नजर सुनेवरून हलली नव्हती. “बरं झालं भाऊ, इथं नाई देल्ली. देल्ली असती तं हे मरन आज तिच्या नावावर असतं.”