पाण्याचा ठसका

खजुरीच्या मंगलची लेक भागी दहा महिन्यांची होईपर्यंत तीनदा न्यूमोनियानं दवाखान्यात राहून आली होती. सलाईन, इंजेक्शनं, आठ दिवसांनी सुट्टी. महिना उलटला की छातीत पुन्हा घरघर. पोर अशक्तच निघाली, असं सासू सुभद्राबाई म्हणायची. मंगलला ते पटत नव्हतं. तिचं माहेर मेंढरं राखणारं. औषध पाजताना ते चुकून श्वासाच्या नळीत गेलं की कोकरू कसं ठसकतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. भागीचा ठसका तसाच होता. घट्ट पेज खाताना कमी, पाणी पिताना हटकून. ओठ निळे पडायचे.

दोन डॉक्टरांना तिनं हे सांगितलं. झोपवून पाजू नका, एवढंच दोघं म्हणाले. चौथ्यांदा ताप चढला तेव्हा तिनं नवऱ्याला, रेवणसिद्धला, थेट कलबुर्गीची गाडी करायला लावली.

तिथं लहान मुलांचे सर्जन डॉ. वीरण्णा यांनी तिच्या मोबाइलमधला ठसक्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. श्वासनळी आणि अन्ननलिका अगदी शेजारी असतात, काही बाळांत दोघींना जोडणारी बारीक वाट जन्मतःच राहून जाते, असं त्यांनी समजावलं. ताप उतरल्यावर अन्ननलिकेत औषध सोडून एक्स-रे काढले. काहीच दिसलं नाही. ड्युटीवरचे डॉक्टर सुट्टीचे कागद करायला लागले. रेवणसिद्धनं पिशवी भरली. मंगल खाटेवरून उठेना.

"कामून अडून बसलीस? भोक न्हाई म्हणायलेत की."

"दिसलं न्हाई म्हणायलेत," ती म्हणाली. "न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई."

डॉ. वीरण्णांनाही तीच शंका होती. तिरकी वाट एक्स-रेत लपते. भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घालावी लागेल, फुप्फुसं कमजोर असल्यानं धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सहीसाठी पेन पुढं आलं. रेवणसिद्धचा हात पुढं होईना, मग मंगलनं सही केली.

अन्ननलिकेत सोडलेला निळा रंग गळ्याजवळ श्वासनळीत पाझरताना दुर्बिणीत दिसला. चार दिवसांनी मानेच्या बाजूनं ऑपरेशन झालं. ती वाट कापून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या शिवायच्या होत्या, आणि आवाजाची नस तिथूनच जाते. तीन तास मंगल दारासमोर उभी होती. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणासाठी.

शुद्धीवर आलेली भागी रडू लागली, पण तोंड उघडं आणि आवाज जवळपास नाहीच. सूज असावी, डॉक्टर म्हणाले. आवाज येईल असं वाटतं, पण आज शब्द देता येत नाही.

सहा दिवस नाकातल्या नळीनं दूध. सातव्या दिवशी तपासणीत कुठं गळती नाही असं दिसलं आणि नर्सनं वाटीत पाणी दिलं. मंगलनं चमचा भरून तसाच धरून ठेवला, मग तो रेवणसिद्धनं घेतला. भागीनं घोट गिळला. दोघंही तिच्या ओठांकडं बघत राहिले. ठसका आला नाही. दुसरा घोट. तिसऱ्याला तिनं चमचाच चावून धरला.

"सोड गं," रेवणसिद्ध म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसू लागला.

आवाज दोन महिन्यांनी आला, थोडा घोगरा. त्या हिवाळ्यात भागी एकदा खोकली, तर मंगल तिला घेऊन पहिल्याच बसनं तालुक्याच्या दवाखान्यात, आळंदला, पोचली. साधी सर्दी होती. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावरही ती तासभर तिथल्या बाकावर बसून लेकीचा श्वास ऐकत राहिली.