आजारी भिक्खूची गोष्ट

वर्षावासाचे तीन महिने मलकापुरात आमच्या विहारात धम्मग्रंथ मीच वाचतो. सरांसारखं वाचन कोणाचं नाही, असं लोक म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

आईचं कमरेचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली, तेव्हा तिनं मला एक काम सांगितलं. "त्या आजारी भिक्खूचं वाचलं होतं ना तू? कोणीच पाहे ना त्याले. पुढं काय झालं, थे मले आठवून नाही राह्यलं. शोधून दे."

कोणता खंड, कुठलं पान, तिला काहीच सांगता येईना. मी चिडलो आणि इरेला पेटलो. विहारातले जाडजूड खंड घरी आणले, भन्तेंना फोन केले, आठ दिवस पानं चाळली. बसायचो मात्र ओसरीत, कारण आईच्या खोलीत वास यायचा. तिचं सगळं बायको करायची.

नवव्या दिवशी बायको माहेरी, बीबी गावाला गेली. सकाळी आईनं चार हाका मारल्या. "थांब ना, सापडत आलंय!" मी खेकसलो.

दुपारी खरंच सापडलं. खोलीच्या दारातच उभं राहून मी विहारातल्या आवाजात वाचलं. तो भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, आणि बुद्धानं पाणी आणून त्याला आपल्या हातानं अंघोळ घातली.

वाचून मान वर केली, तेव्हा खाटेखालची फरशी ओली दिसली.

"त्याले तरी कोणी धुतलं," आई म्हणाली. "वाचतं मात्र चांगलं तू."