रिबन वाळेपर्यंत

चंद्रपूरच्या कोर्टाबाहेर सलीमचाचांच्या टाइपरायटरपाशी जरा वेळ बसलं, की माणूस एक तरी किस्सा घेऊनच उठतो. माझ्याकडे तर ढीग झालाय. आणि मी कोण, तर सिग्नललासुद्धा जिला थांबवत नाही!

मला ते मशीन हवं होतं. फोनवर एक ओळ लिहायला घेतली की मी भलतीकडेच पोचते. इथे बटण दाबलं, अक्षर उमटलं, विषय संपला. पण चाचा काम बंद करणार होते आणि नागपूरचा एक कॅफेवाला मशीन शोपीस म्हणून मागत होता.

"शोपीस कायले? ज्याले चालवता येते त्याले देईन," चाचा म्हणाले. "एक अर्ज बिनचूक टाइप कर. मशीन तुही. नाई तं कॅफेवाल्याची."

झालं. माझी झोपच उडाली.

*

चाचांची पद्धत अशी, की टाइप करताना मशीनकडे बघायचंच नाही. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.

शिकायच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चाचा, डिलीट कुठंय?"

"डोक्यात. आधी सोच, मंग दाब."

*

जंगलाकडच्या खेड्यातले तुकारामभाऊ नाल्यावरच्या पुलासाठी दर वर्षी अर्ज करतात. एकदा चाचा नव्हते, म्हणून त्यांनी शेजारी कम्प्यूटरवर करून घेतला. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज घेऊन पुन्हा हजर.

"काऊन भाऊ, यात का खराबी हाय?" चाचांनी विचारलं.

"आवाजच नाई झाला जी. साहेब आयकन कसा?"

*

नवी रिबन सहज मिळत नाही. चाचा जुन्याच रिबनला स्टॅम्पपॅडची शाई पाजतात आणि सायकलच्या हँडलवर वाळत घालतात. एकदा ती बकरीनं चघळली. चाचा बकरीमागे, मी चाचांमागे! नंतर कितीतरी दिवस बकरी निळ्या तोंडानं फिरत होती. कोर्टातले लोक तिला 'स्टॅम्पवाली' म्हणायचे.

*

कॅफेवाला संध्याकाळी मशीन न्यायला येणार, त्याच सकाळी तुकारामभाऊ आले. चाचा चहाला गेलेले. मी थांबते कसली! खुर्चीत बसले, कागद चढवला.

"बोला भाऊ."

नाला, पूल, पावसात नाल्याच्या अलीकडेच अडकून पडलेली त्यांची बाळंतीण सून... ते सांगत गेले, मी ठोकत गेले. नजर त्यांच्या चेहऱ्यावर. एकदाही खाली बघितलं नाही. शेवटचा फुलस्टॉप ठोकला आणि ऐटीत कागद ओढून काढला.

कोरा!

रिबन सायकलवर वाळत होती.

चाचा आले. त्यांनी कागद उन्हात धरला. अक्षरांच्या खुणांवरून बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली.

"चुकली का जी पोरगी?" तुकारामभाऊंनी विचारलं.

"एकबी चूक नाई."

चाचांनी हँडलवरची रिबन काढून माझ्या हातात दिली. ओलीच होती, बोटं निळी झाली.

"मंग माह्या अर्जाचं का?"

"मशीन आता हिची हाय, भाऊ. हिलेच सांगा."

तुकारामभाऊंनी स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.